या नाताळात आनंद कुठून आणायचा?

अबोली | ७ डिसेंबर, रात्री १०:१५

नमस्कार. बऱ्याच वर्षांपासून इथे वाचते, लिहिते क्वचितच. आज विचारल्याशिवाय राहवेना.

यंदा पावसाळ्यात माझे यजमान गेले. अचानक आजार निघाला आणि बघता बघता सगळं संपलं. घरात दोन मुलं आहेत, धाकटा आठ वर्षांचा. आगमनकाळ (नाताळाआधीच्या तयारीचे आठवडे) सुरू झालाय, मुलं दिवस मोजतायत.

माझा प्रश्न विश्वासाचा नाही. पुनरुत्थानावर माझा विश्वास होता आणि आहे. ते प्रभूजवळ आहेत हे मला कोणी पटवून द्यायला नको. पण चर्चमध्ये भेटणारा प्रत्येक जण तेच सांगतो आणि वर म्हणतो, "आता रडायचं नाही हं, नाताळ आहे." मी मान डोलावते आणि निघून येते. गायनसंघात आहे, सरावाला जाते. शब्द सगळे आनंदाचे, सूरही बरोबर लागतात. पण जे मनात नाही ते देवासमोर गायचं, हे ढोंग तर होत नाही ना, हा विचार पाठ सोडत नाही.

तुमच्यापैकी कोणी असा नाताळ काढला असेल तर मोकळेपणाने सांगा. आशा आणि आनंद तेव्हा तुमच्यापाशी कोणत्या रूपात होते? की नव्हतेच? "मन दुसरीकडे गुंतवा" असे सल्ले मात्र नकोत.

रानवारा | ७ डिसेंबर, रात्री १०:३१

ताई, फार वाईट वाटलं. आज काही सुचवत नाही. तुमच्यासाठी आणि मुलांसाठी प्रार्थना करतोय.

तिसरा_बाक | ७ डिसेंबर, रात्री ११:०८

ढोंग अजिबात नाही. लिहितो जरा सविस्तर.

नाताळची गोष्ट आपण सांगतो तेव्हा मेंढपाळ, देवदूत, मागी लोक (ताऱ्यामागून आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) एवढ्यावर थांबतो. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय थांबत नाही. दुसऱ्याच अध्यायात हेरोद राजा बेथलेहेममधली दोन वर्षांची आणि त्याहून लहान मुलं मारतो. योसेफ रातोरात बाळ-बाळंतिणीला घेऊन मिसरात पळतो. आणि तिथेच मत्तय यिर्मया संदेष्ट्याचं वचन आणतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि "सांत्वन पावेना". तिला कोणी म्हणत नाही की बाई, तारणारा जन्मलाय, आता रड थांबव. शुभवर्तमानाने त्या आईचं रडणं जसंच्या तसं ठेवलंय.

चर्चचं पंचांगही बघा. २५ ला जन्म, २६ ला पहिला रक्तसाक्षी स्तेफन, २८ ला हीच निष्पाप बालकं. ज्यांनी हे दिवस असे लावले त्यांना दुःख नाताळबाहेर ठेवायचं नव्हतं, हे उघड आहे. ते बाहेर काढायचा उद्योग आपण नंतर केला.

लूकच्या शुभवर्तमानात शिमोन नावाचा भक्त तान्ह्या येशूला हातांवर घेऊन देवाची स्तुती करतो आणि त्याच दमात मरीयेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल. स्तुती आणि तलवार, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी.

कणखर | ८ डिसेंबर, सकाळी ७:२०

अबोलीताई, तुमच्या दुःखाचा पूर्ण आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

"प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा; पुन्हा म्हणेन, आनंद करा." फिलिप्पैकरांस पत्र, ४:४. ही आज्ञा आहे, आणि प्रेषित पौलाने ती कैदेतून लिहिली आहे. आनंद वाटेपर्यंत थांबा असं तो म्हणत नाही. आजकाल "दुःखाला जागा द्या" हे इतकं ऐकू येतं की लोक दुःखातच मुक्काम ठोकतात. तुम्ही गाताय ते योग्यच करताय. गात राहा, मन मागून येईल.

सांजवात | ८ डिसेंबर, सकाळी ७:४४

आज्ञा ठीक आहे हो, पण त्या बाईंचे यजमान जाऊन काही महिनेच झालेत. मुक्काम ठोकायला निदान पोहोचू तर द्या.

तिसरा_बाक | ८ डिसेंबर, सकाळी ९:०२

@कणखर, तेच पत्र पुन्हा वाचू या. दुसऱ्या अध्यायात पौलाचा सहकारी एपफ्रदीत मरणाला टेकला होता त्याची हकिकत आहे. पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, नाहीतर मला "दुःखावर दुःख" झालं असतं. म्हणजे एक दुःख आधीच होतं आणि दुसरं आलं असतं तर सोसवलं नसतं, असं तो सरळ सांगतो. तिसऱ्या अध्यायात तर "आता रडत सांगतो" असे शब्द आहेत. आनंद करा म्हणणारा माणूस त्याच पत्रात रडतोय. त्यामुळे "आनंद करा"चा अर्थ "रडू नका" असा घेता येत नाही.

योहान ११ आठवा. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं. तरी कबरेकडे जाताना तो रडला. शेवट माहीत असूनही रडणं हा अविश्वास असता तर तो रडला नसता.

शुभ्रा_रात्रपाळी | ८ डिसेंबर, दुपारी २:१०

मी परिचारिका आहे, असाध्य आजारांच्या विभागात. नाताळच्या रात्री बहुधा कामावरच असते, कारण ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना मी सुट्टी घेऊ देते.

एका नाताळच्या आदल्या रात्री एक आजी जाग्या होत्या. बोलायची ताकद उरली नव्हती. उशाशी मोठ्या टायपातलं लूकचं शुभवर्तमान होतं. त्यांनी दुसरा अध्याय उघडायला लावला. मला वाटलं मेंढपाळांचा भाग हवाय. त्यांनी मान हलवली आणि ओळींवरून बोट खाली नेत नेत शिमोनापाशी थांबवलं: "आता, हे प्रभू, तू आपल्या दासाला शांतीने जाऊ देत आहेस." मी वाचलं. बोट तिथेच. पुन्हा वाचलं. नखाखाली कागद दुमडला होता, तरी बोट उचलेनात. त्या हसत नव्हत्या. पण ती नुसती हताश शांतता नव्हती, एवढं मी इतक्या वर्षांच्या कामावरून खात्रीने सांगते.

तेव्हापासून मला नाताळच्या गोष्टीतली म्हातारी माणसं जास्त जवळची वाटतात. शिमोन, आणि ती हन्ना. लग्नानंतर सातच वर्षांत नवरा गेला, पुढे चौऱ्याऐंशी वर्षांची होईपर्यंत मंदिरात उपास-प्रार्थना. विधवेला नाताळात जागा नाही असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी लूक २:३६ पासून पुढे वाचावं.

आणखी एक, अबोली. नीट जेवताय ना, झोपताय ना? एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. संभाषण त्यानंतर.

अबोली | ८ डिसेंबर, रात्री ९:५०

शुभ्राताई, हन्नाचं वय आजवर किती वेळा वाचलं असेल, पण ती आपल्या वाटेवरची बाई आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आज सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पुन्हा वाच.

झोप लागत नाही, पहाटे डोळा लागतो. जेवते.

कणखर, तुमच्या लिहिण्याचा राग नाही आला. गात राहा हे पटतंय. त्यामागचं कारण अजून शोधतेय.

प्रश्नचिन्ह | ८ डिसेंबर, रात्री ११:२५

मी श्रद्धाळू नाही, धागा मात्र मनापासून वाचतोय. एक प्रामाणिक शंका. दुःख काळाने कमी होतं, हा सगळ्यांचाच अनुभव. मग ख्रिस्ती आशा म्हणजे "सगळं ठीक होईल" याहून वेगळं काय? आणि ठीक झालं नाही तर?

पाळक_निवृत्त | ९ डिसेंबर, सकाळी ६:४०

@प्रश्नचिन्ह, शंका रास्त आहे आणि उत्तर थोडक्यात देता येईल. "सगळं ठीक होईल" असं वचन आम्हाला मिळालेलंच नाही. येशू शिष्यांना म्हणाला की तुम्ही रडाल आणि शोक कराल, पण तुमच्या दुःखाचा आनंद होईल, आणि तो आनंद कोणी काढून घेणार नाही (योहान १६). दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर होता. आमची आशा परिस्थिती सुधारेल यावर टांगलेली नाही. जो मेला आणि उठला त्याच्यावर आहे. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा खेद करू नका. खेदच करू नका असं तो म्हणत नाही.

डीट्रिख बोनहोफर हे जर्मन पाळक हिटलरच्या विरोधात उभे राहिले आणि १९४३ चा नाताळ त्यांनी बर्लिनच्या तेगेल तुरुंगात काढला. त्या डिसेंबरात त्यांनी आईवडिलांना लिहिलं की तुरुंगातला नाताळ ही ख्रिस्ती माणसापुढची अडचण नव्हे. देव गोठ्यात जन्मला, कारण उतारशाळेत जागा नव्हती, हे कैद्याला इतरांपेक्षा लवकर समजतं. त्यांचं "ठीक" झालं नाही. ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिलं. तरीही ते पत्र आज वाचताना पोकळ वाटत नाही, कारण सुटकेची खात्री देऊन ते आईवडिलांना बरं वाटवत नव्हते.

प्रश्नचिन्ह | ९ डिसेंबर, सकाळी ८:१५

उत्तर पटलं असं म्हणत नाही, पण फरक समजला. आभार.

पिंपळपान | ९ डिसेंबर, सकाळी १०:३०

अवांतर: येशूचा जन्म २५ डिसेंबरला झालाच नव्हता, हे कोणी बोलत नाही. बायबलमध्ये तारीखच नाही.

तिसरा_बाक | ९ डिसेंबर, सकाळी १०:४१

बरोबर, तारीख नाही. २५ डिसेंबरची जुनी लेखी नोंद इसवी सन ३५४ च्या रोमन पंचांगात सापडते. पण तारीख चुकली म्हणून जन्म रद्द होत नाही.

पिंपळपान | ९ डिसेंबर, सकाळी १०:४६

मग मागी लोक तीनच होते हे तरी

संपादक | ९ डिसेंबर, सकाळी १०:५५

तारीख आणि मागी लोकांची संख्या यासाठी वेगळा धागा काढावा. इथे विषयावर राहू या.

उंबरठा | ९ डिसेंबर, दुपारी ४:२०

दुःख फक्त मृत्यूचंच असतं असं नाही, म्हणून लिहितेय. माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही. जिवंत आहे, सुखरूप आहे, दुसऱ्या शहरात नाताळ साजरा करतो. मेलेल्यासाठी लोक भेटायला येतात, प्रार्थना होते. माझ्या दुःखाला नावच नाही, त्यामुळे कोणी विचारतही नाही.

मी एकच गोष्ट करते. चर्चमध्ये मध्यस्थीच्या प्रार्थनेत क्षणभर शांतता असते, तेव्हा त्याचं नाव मनात न घेता हलक्या आवाजात उच्चारते. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी गेल्या वर्षी ते ऐकलं. त्यांनी काही विचारलं नाही, पण आता त्या शांततेत त्याही त्याचं नाव घेतात. आनंद म्हणता येणार नाही. पण त्या बाजूला मी एकटी उभी नाही, हे कळतं.

रानवारा | ९ डिसेंबर, दुपारी ४:३५

उंबरठा, त्यांचं नाव इथे सांगू नका, पण आजपासून मीही त्या प्रार्थनेत आहे.

जुनी_वही | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६:०५

पंडिता रमाबाईंची आठवण झाली. तरुण वयात दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, मग भाऊ, आणि लग्नानंतर दोन वर्षं होत नाहीत तोच १८८२ मध्ये पती. एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा साठीच्या पुढे, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात गढलेल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, पण ते काम त्यांनी पार पाडलं होतं. आशा ही दर वेळी मनात उमटणारी भावना असेलच असं नाही. कधी कधी ती समोर असलेल्या कामाला बसणं एवढीच असते. अबोलीताईंचं सरावाला जाणं मला त्यातलंच वाटतं.

कणखर | ९ डिसेंबर, रात्री १०:२०

मी इतका आग्रह का धरला ते सांगतो.

मी अकरा वर्षांचा असताना आई वारली. बाबांनी त्यानंतर नाताळ बंद केला. चर्चला जाणं, गाणी, सगळंच. "तिच्याशिवाय नको" म्हणायचे. त्यांचं दुःख खरं होतं, मी ते आज मोठा होऊन समजू शकतो. पण आम्हा भावंडांची आई गेली आणि मागोमाग नाताळही गेला. वर्षानुवर्षं २५ डिसेंबरला दिवे घालवून लवकर झोपायचो. म्हणून कोणी "या वर्षी राहू दे" म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. अबोलीताई, मुलांसाठी दार बंद करू नका, एवढंच मला म्हणायचं होतं.

सांजवात | ९ डिसेंबर, रात्री १०:४०

हे आधी सांगायचंत ना! आता तुमचा पहिला प्रतिसाद वेगळाच वाचला जातोय.

अबोली | १० डिसेंबर, पहाटे ५:१२

कणखर, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ बसून राहिले. दार बंद करणार नाही. पण मुलांसमोर हसरं तोंड घेऊन वावरायचं का? थोरलीला सगळं कळतं. परवा म्हणाली, "आई, तू खोटं खोटं हसतेस तेव्हा मला भीती वाटते."

गोधडी | १० डिसेंबर, सकाळी ८:००

तुमच्या लेकीनेच उत्तर दिलंय की.

आमच्याकडचा अनुभव सांगते. माझी बहीण गेली त्या वर्षी तिची मुलं आमच्याकडे होती. मुलांनाच विचारलं, यातलं काय ठेवायचं आणि काय या वर्षी नको. आम्हाला वाटलं होतं ती सगळंच नको म्हणतील. त्यांनी एकच गोष्ट नाकारली: आई जे गाणं म्हणायची ते घरात कोणी म्हणायचं नाही. बाकी सगळं हवं होतं. दुसऱ्या वर्षी ते गाणं त्यांनी स्वतःच सुरू केलं. आणि प्रार्थनेत आईचं नाव घ्यायचं, हे आधीच ठरवून टाकलं, म्हणजे कोण पहिल्यांदा विषय काढतो याचं ओझं कोणावर राहत नाही.

त्याच वर्षीची गंमत. भाचा नाटुकल्यात देवदूत होता. पांढरा झगा, पंख, ऐटीत पुढे आला, "भिऊ नका" म्हणाला आणि समोरची गर्दी बघून स्वतःच भोकाड पसरलं. मरीया झालेली पोरगी उठली, बाळ योसेफाच्या हातात दिलं आणि देवदूताचे डोळे आपल्या पदराने पुसले. अख्खं चर्च हसत होतं. आम्हीही, पोट धरून. मग एकदम आईकडे लक्ष गेलं, ती हसता हसता रडत होती आणि दोन्ही थांबवत नव्हती. हसू आलं म्हणून बहिणीशी बेइमानी झाली असं मला त्या रात्री वाटलं. आज वाटत नाही.

शुभ्रा_रात्रपाळी | १० डिसेंबर, सकाळी ८:५०

गोधडी, डोळ्यांत पाणी आणलंत, हसवून.

एक कामाची गोष्ट. अबोली, पहाटेचे ५:१२ बघितले. झोप अशीच उडत राहिली, रोजची कामं होईनाशी झाली किंवा जगणं नको असे विचार आले तर डॉक्टरांना भेटा, आणि तसे विचार आले तर त्याच दिवशी, वाट बघत बसू नका. शोक हा आजार नव्हे, पण शोकात नैराश्याचा आजार जडू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. "प्रार्थना कमी पडली" असं कोणी म्हणालं तर त्यांना लूककडे पाठवा. पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो.

अबोली | १० डिसेंबर, रात्री ९:३०

वेळ घेतली आहे, पुढच्या आठवड्यातली.

मुलांना विचारलं. धाकट्याला सगळं हवंय. थोरली म्हणाली, बाबांची खुर्ची हलवू नका, पण रिकामीही ठेवू नका. तिथे आजी बसेल. ठरलं.

मी गाणार आहे. तुम्हा सगळ्यांचं वाचून एवढं कळलं की ते गाणं मी आत्ता मला काय वाटतंय हे सांगायला गात नाही. जे घडलंय ते सांगायला गाते. बाळ जन्मलं, ते खरं आहे, मी रडत असले तरी. आणि एखाद्या ओळीला माझा आवाज बसला तर शेजारची ती ओळ पूर्ण करेल. गायनसंघ असतोच कशाला!

पाळक_निवृत्त | ११ डिसेंबर, सकाळी ६:३०

अबोलीताई, देव तुम्हाला बळ देवो.

आणखी एक सांगतो, सगळ्यांसाठीच. पुष्कळ देशांत मंडळ्या २१ डिसेंबरच्या सुमारास शोक करणाऱ्यांसाठी वेगळी उपासना घेतात. उत्तर गोलार्धातली ती वर्षातली सर्वांत मोठी रात्र. जुन्या पंचांगात तो प्रेषित थोमाचाही दिवस. कॅथोलिक मंडळीने १९६९ मध्ये तो ३ जुलैला नेला, काही मंडळ्या अजून डिसेंबरातच पाळतात. जखमांना हात लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या शिष्याचा दिवस नाताळच्या तोंडावर येतो, हे मला फार योग्य वाटतं. सेवेत असताना मी अशी उपासना घेत असे.

आणि २५ तारखेला काहीच जमलं नाही तर जिवाला लावून घेऊ नका. नाताळचा काळ त्या दिवशी सुरू होतो. ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत बारा दिवस हातात असतात.

कणखर | ११ डिसेंबर, सकाळी ७:०५

पाळकसाहेब, त्या उपासनेत नेमकं काय करता? आमच्याकडे पाळकांपुढे विषय काढायचा विचार आहे.

पाळक_निवृत्त | ११ डिसेंबर, सकाळी ७:४०

अगदी साधी असते, पाऊण तास पुरतो. सुरुवात स्तोत्र १३ ने, "किती वेळ" या प्रश्नाने. हवं तर ८८ घ्या. ते अंधारातच संपतं, आणि त्याच्या शेवटी आपण दुसरं काही जोडायचं नाही. मग विलापगीत ३, वचन १७ ते २६. आशेचं ते प्रसिद्ध वचन अख्ख्या पुस्तकाच्या मधोमध आहे, शेवटी नाही, हे लोकांच्या लक्षात आणून द्यावं. नंतर ज्यांना हवं त्यांनी पुढे येऊन नाव घ्यायचं. मृतांचंच असं नाही, दुरावलेल्यांचंही, न जन्मलेल्यांचंही, गेलेल्या नोकरीचंही. सगळ्यांत शेवटी योहान १:१ ते ५. प्रवचन दहा मिनिटांच्या वर नको. उपासना झाल्यावर कोणाला घाईने बाहेर काढू नका, आणि दाराशी "आनंदी राहा" म्हणणारं कोणी उभं नसावं याची आधीच काळजी घ्या.

उंबरठा | ११ डिसेंबर, सकाळी ८:१०

दुरावलेल्यांचंही. हे लिहिलंत त्याबद्दल फार आभार.

कणखर | ११ डिसेंबर, सकाळी ८:२५

छापून घेतलं. आज संध्याकाळी पाळकांना भेटतो. बाबांनाही विचारणार आहे. येतील की नाही सांगता येत नाही.